चोथ्याचे गिऱ्हाईक

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात माणसाच्या मोठ्या आतड्यावर चक्क खटला भरला गेला. फिर्यादी साधासुधा नव्हता. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले इल्या मेचनिकॉफ, ज्यांना पुढे 1908 चे नोबेल मिळाले, त्यांचे म्हणणे असे की मोठे आतडे हा आपल्याला पूर्वजांकडून मिळालेला एक निरुपयोगी, किंबहुना घातक वारसा आहे. त्यात अन्न सडते, जंतू माजतात, त्यांचे विष रक्तात भिनते आणि माणूस वेळेआधी म्हातारा होतो. मेचनिकॉफ स्वतः यावर आंबवलेले दूध पिण्याचा उपाय सांगून थांबले. लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधले सर विल्यम आर्बथनॉट लेन मात्र थांबले नाहीत. हाताचे अत्यंत कुशल, शस्त्रक्रियेत आपल्या पिढीतले अव्वल. त्यांनी बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडी कापून काढायला सुरुवात केली. 1913 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या ‘आतड्यातल्या विषा’वर अनेक बैठका चालल्या. पुढच्या काही वर्षांत हे खूळ ओसरले. वॉल्टर अल्वारेझसारख्या डॉक्टरांनी विषाची कल्पनाच पोकळ असल्याचे दाखवले आणि सर्जनांनी चाकू खाली ठेवला.

खटला निकाली निघाला, पण आरोपीची अब्रू काही परत आली नाही. मोठे आतडे म्हणजे गटार, फार तर पाणी शोषून घेणारे गटार, ही समजूत त्यानंतरही सुमारे अर्धे शतक वैद्यकात टिकून होती. ज्यांचे लहान आतडे बहुतांश गेले आहे अशा रुग्णांना या समजुतीची मोठी किंमत मोजावी लागली असे मला वाटते.

लहान आतडे साधारण सहा मीटर लांब. माणसामाणसांत फरक असतो, पण हिशेबाला सहा धरायला हरकत नाही. खाल्लेले अन्न खऱ्या अर्थाने शरीराच्या ताब्यात येते ते इथेच. आतड्याला पीळ पडला, रक्तवाहिनीत गुठळी अडकून आतडे काळे पडले, क्रोन्सच्या आजारात पुन्हा पुन्हा तुकडे काढावे लागले, किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे आतडे सडले, की सर्जनला मृत भाग कापण्यावाचून गत्यंतर नसते. दोन मीटरपेक्षा कमी उरले तर त्या अवस्थेला शॉर्ट बॉवेल सिंड्रोम म्हणतात. रुग्ण खातो, पण अंगी लागत नाही. जेवण झाले की तासाभरात जुलाब, सतत तहान, मीठ-पाण्याची ओढाताण, आणि समोर पान वाढलेले असताना होणारी उपासमार.

एवढे आतडे काढूनही माणूस जगू शकतो याची वार्ता मात्र जुनी आहे. स्ट्रासबुर्गच्या युजीन कोबर्ले यांनी 1880 मध्ये दोन मीटरहून थोडे अधिक लहान आतडे काढले आणि रुग्ण वाचला. 1912 मध्ये जोसेफ मार्शल फ्लिंट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून एक विलक्षण गोष्ट नोंदवली. उरलेले आतडे गप्प बसत नाही. त्याचे अस्तर जाड होते, त्यावरचे बारीक अंकुर वाढतात, आणि गेलेल्या भागाचे काम ते थोडेथोडे अंगावर घेते. 1935 मध्ये हेमंड यांनी जगभरातल्या 257 शस्त्रक्रियांच्या नोंदी गोळा करून पाहिल्या. तिसरा हिस्सा गेला तर माणूस तगतो, निम्म्यापर्यंत मजल मारता येते, त्यापुढे धोका, असा त्यातून साधारण अंदाज निघाला. या सगळ्या हिशेबात मोजपट्टी लावली जात होती ती काढलेल्या लहान आतड्याला. पुढे जोडलेले मोठे आतडे शाबूत आहे की नाही याची फारशी विचारपूस नव्हती.

अशा रुग्णाला खायला काय द्यायचे? उत्तर उघड वाटत होते: मऊ, साधे, चोथा नसलेले. दिवसाला दहा-बारा वेळा शौचाला धावणाऱ्या माणसाला भाजीपाला आणि कोंडा द्या, असे कोण म्हणेल?

मग 1960 च्या दशकात खाण्याचा प्रश्नच बाजूला सारता येईल अशी एक युक्ती निघाली. फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या शस्त्रक्रिया विभागात जोनाथन ऱ्होड्स यांच्या हाताखाली स्टॅन्ली डड्रिक आणि डग्लस विल्मोर हे तरुण डॉक्टर बीगल जातीच्या पिल्लांना केवळ शिरेवाटे पोसत होते. हातापायांच्या बारीक शिरांना घट्ट साखरेचे द्रावण सोसत नाही, म्हणून नळी थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत, जिथे रक्ताचा लोंढा ते द्रावण क्षणात पातळ करतो. तोंडाने एक घासही न खाता पिल्ले वाढली. 1967 च्या उन्हाळ्यात, जवळपास सगळे लहान आतडे नसलेल्या एका नवजात मुलीला त्याच पद्धतीने पोसायला सुरुवात झाली. ती अखेर वाचली नाही, पण सुमारे दोन वर्षे जगली, वाढली, आणि पुढच्या हजारोंचा मार्ग मोकळा करून गेली. त्याआधीच स्वीडनमध्ये आर्विड व्रेटलिंड यांनी शिरेतून देता येईल असे सोयाबीन तेलाचे पांढरे दुधाळ मिश्रण तयार केले होते. साखर, प्रथिने, मेद, क्षार. अख्खे जेवण बाटलीत आले.

1970 मध्ये टोरँटोत ही बाटली घरी गेली. तिथले डॉक्टर खुर्शीद जीजीभॉय. मुंबईकर वाचकाला नावावरून ते घरचे वाटतील, आणि कॅनडाला जाण्यापूर्वी त्यांनी मुंबईत संशोधन केलेही होते. बहुतेक सगळे आतडे गमावलेली त्यांची एक रुग्ण रात्रभर शिरेतून जेवायची आणि दिवसा संसार करायची. ती त्यानंतर जवळपास 20 वर्षे जगली. शिरेवाटे पोसल्या गेलेल्या या रुग्णांनी पोषणशास्त्राला बऱ्याच गोष्टी शिकवल्या. बाटलीत जे घालायचे राहून जाई त्याची उणीव त्यांच्या शरीरात दिसे. टोरँटोच्याच एका रुग्णात रक्तातली साखर चढली, वजन उतरले, हातापायांच्या नसा बिघडल्या, आणि कारण निघाले ते अतिसूक्ष्म मात्रेत लागणारे क्रोमियम. ते द्रावणात घातल्यावर तक्रार मिटली. 1977 चा हा शोधनिबंध आजही वाचण्यासारखा आहे.

पण बाटलीची किंमत जबर होती, आणि पैशांचा हिशेब त्यात धरलेलाच नाही. नळीतून रक्तात जंतू शिरायचे. यकृत बिघडायचे, लहान मुलांचे तर फारच. आणि ज्या आतड्याने सुधारावे अशी अपेक्षा, ते रिकामे राहिल्याने आणखी झिजायचे. फ्लिंटच्या कुत्र्यांचे आतडे वाढले, कारण त्यातून अन्न जात होते. काम नसलेल्या आतड्याला वाढायचे कारणच उरत नाही.

याच काळात चोथ्याची कहाणी पूर्णपणे वेगळ्या खंडात रंगत होती. युगांडात कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलमध्ये सर्जन म्हणून काम केलेले आयरिश डॉक्टर डेनिस बर्किट आफ्रिकी मुलांच्या जबड्यातल्या एका कर्करोगामुळे आधीच जगप्रसिद्ध झाले होते. त्यानंतर त्यांनी मोर्चा वळवला तो, स्पष्टच सांगायचे तर, विष्ठेकडे. ॲलेक वॉकर आणि नील पेंटर यांच्यासोबत त्यांनी 1972 मध्ये लॅन्सेटमध्ये आकडे मांडले. युगांडातल्या खेडुतांच्या पोटातून अन्न बाहेर पडायला सुमारे 36 तास लागतात आणि शौच दिवसाला पाव किलोच्या कितीतरी वर. ब्रिटिश नौसैनिकांना 80 तासांहून जास्त लागतात आणि शौच जेमतेम 100 ग्रॅम. इंग्रजांच्या पोटात चोथा नाही म्हणून त्यांना हे सगळे रोग, असा बर्किट यांचा निष्कर्ष. युगांडातलेच त्यांचे सहकारी ह्यू ट्रोवेल यांनी आहारातल्या तंतूंची व्याख्या केली: वनस्पतींच्या पेशीभित्तिकांचा असा भाग, जो माणसाच्या पाचकरसांना दाद देत नाही. ब्रिटनमध्ये सकाळच्या न्याहारीत कोंड्याची चलती झाली ती या लाटेवर.

बर्किट यांच्या लेखी चोथा म्हणजे झाडू. पचत नाही, म्हणून तो साफ करतो. ते अर्धेच खरे होते, आणि उरलेले अर्धे मेंढ्यांना आधीपासून माहीत होते. 1940 च्या दशकात केंब्रिजमध्ये जोसेफ बारक्रॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की मेंढीच्या पहिल्या पोटात जंतू गवताचे तंतू आंबवतात, त्यातून ॲसिटेट, प्रोपियोनेट, ब्युटिरेट ही छोट्या साखळीची मेदाम्ले तयार होतात, आणि ती थेट रक्तात शोषली जातात. मेंढी खरे तर गवतावर जगत नाही. गवतावर जंतू जगतात आणि मेंढी त्या जंतूंच्या उष्ट्यावर. माणसाबाबत हा विचार करायला तीसेक वर्षे लागली, याचे मला नवल वाटते. कदाचित माणूस आणि मेंढी यांची तुलना करायला डॉक्टरांना संकोच वाटला असावा.

ती तुलना झाली तीही केंब्रिजमध्येच. जॉन कमिंग्ज यांच्या गटाने 1978 मध्ये दाखवले की माणसाचे मोठे आतडेही ही मेदाम्ले शोषून घेते. दोन वर्षांनी ॲलिसन स्टीफन आणि कमिंग्ज यांनी माणसांना कोबीचे तंतू खायला दिले. पोटातल्या जंतूंनी त्यांचा जवळपास फडशा पाडला. गव्हाच्या कोंड्याचा मात्र जेमतेम तिसरा हिस्सा त्यांना फोडता आला. म्हणजे सगळा चोथा सारखा नसतो. पाण्यात विरघळणारा, चिकट, जेलीसारखा चोथा, जसे सफरचंद-पेरू-संत्र्याच्या सालीतले पेक्टिन, हे जंतूंचे पक्वान्न. कोंडा म्हणजे वाळका कडबा. आपल्याकडे चोथा म्हटले की ज्याची हटकून आठवण येते ते इसबगोल या दोहोंच्या मधले. ते पाणी धरून फुगते खरे, पण जंतू त्याला फारसे हात लावत नाहीत.

त्याच 1980 साली ऑक्सफर्डला विल्यम रोडिगर यांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या मोठ्या आतड्यांच्या अस्तरातल्या पेशी वेगळ्या करून त्यांना काय आवडते ते तपासले. साखरेपेक्षा त्यांना ब्युटिरेट प्रिय होते. त्या पेशींची बहुतांश ऊर्जा जंतूंनी आंबवलेल्या चोथ्यातून येत होती. आणि ही मेदाम्ले शोषली जाताना सोबत मीठ नेतात, मिठामागे पाणी जाते. लेन यांनी कापून फेकलेले गटार हे पाणी, मीठ आणि उष्मांक वसूल करणारे खाते निघाले. चोथ्याला तिथे कायमचे गिऱ्हाईक होते.

आता आखूड आतड्याचा आणि चोथ्याचा हे दोन प्रवाह एकत्र यायला हवे होते, आणि ते आले पुन्हा फिलाडेल्फियातच. ज्या विद्यापीठाने आतड्याला वळसा घालून पोसायची कला दिली, तिथल्याच जॉन रोम्बो, कोरुडा आणि रोलांडेली यांनी 1986 मध्ये उंदरांचे बहुतेक लहान आतडे काढले आणि त्यांच्या द्रव आहारात पेक्टिन मिसळले. पेक्टिन मिळालेल्या उंदरांचे उरलेले आतडे अधिक जोमाने वाढले. 1988 मध्ये त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. शिरेतून द्यायच्या द्रावणातच ती मेदाम्ले घातली, आणि शिरेवाटे पोसताना होणारी आतड्याची झीज कमी झाली. जंतूंनी चोथ्यापासून बनवलेला माल रक्तातून फिरून लहान आतड्यालाही पोसत होता, असा त्याचा अर्थ. 1990 मध्ये लहान आतडे गमावलेल्या एका छोट्या मुलाच्या आहारात पेक्टिन घातल्यावर अन्न अधिक वेळ पोटात राहिले आणि प्रथिने जास्त शोषली गेली, अशी नोंद प्रसिद्ध झाली. एकाच मुलाची नोंद, पण बालरुग्ण विभागांनी ती मनावर घेतली.

मात्र जंतूंशी केलेला हा व्यवहार निर्धोक नव्हता. 1979 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी शॉर्ट बॉवेलच्या एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. दारूचा थेंब न घेता त्याची जीभ अडखळायची, चालताना झोक जायचे, शुद्ध हरपल्यासारखी व्हायची. न पचलेली साखर लोंढ्याने मोठ्या आतड्यात जाऊन लॅक्टोबॅसिलससारखे जंतू बेसुमार वाढले होते. त्यांनी बनवलेले लॅक्टिक आम्ल उलट्या धाटणीचे, डी प्रकारचे असते. ते मोडायला माणसाचे शरीर फार मंद. म्हणून अशा रुग्णांना साखर, सरबते, मिठाई यांवर लगाम आणि हळूहळू पचणाऱ्या स्टार्चला मोकळीक, असा नियम आला. दुसरा धोका मुतखड्याचा. न शोषलेला मेद आतड्यातले कॅल्शियम पकडून ठेवतो, मग मोकळे राहिलेले ऑक्झलेट मोठ्या आतड्यातून रक्तात शिरते आणि मूत्रपिंडात खडे होतात. तेव्हा चोथा हवा म्हणून पालक आणि शेंगदाण्याचा मारा करणे हे या रुग्णांच्या बाबतीत अंगाशी येणारे प्रकरण आहे.

हे सगळे उलगडत असतानाही 1980 च्या दशकात आहारावरून डॉक्टरांत एकवाक्यता नव्हती. टोरँटोच्या जीजीभॉय यांच्या गटाने 1983 मध्ये लिहिले की मेद जास्त आणि पिष्ट कमी, किंवा उलट, काहीही द्या, फारसा फरक पडत नाही. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलने 1986 मध्ये सांगितले की ज्यांचे लहान आतडे शस्त्रक्रियेने पोटावर काढलेल्या तोंडाशी संपते, त्यांना खास पथ्याची गरजच नाही. ज्यांनी मेंढीचे आणि ब्युटिरेटचे संशोधन वाचले होते त्यांना हे पटेना.

गुंता सोडवला कोपनहेगनने. नॉर्डगार्ड, हान्सन आणि मॉर्टेन्सन यांनी 1994 मध्ये एक साधी गोष्ट केली. रुग्णांचे दोन गट पाडले: मोठे आतडे जोडलेले, आणि न जोडलेले. दोघांनाही आलटून पालटून तेवढ्याच उष्मांकांचे दोन आहार दिले; एकात 60 टक्के ऊर्जा पिष्टातून, दुसऱ्यात 60 टक्के मेदातून. मग विष्ठा गोळा करून त्यातून किती ऊर्जा वाया गेली ते मोजले. ज्यांचे मोठे आतडे नव्हते त्यांना आहाराचा फरक पडला नाही. ज्यांचे होते त्यांची पिष्टमय आहारावर दिवसाला सुमारे 2 मेगाज्यूल, म्हणजे 500 किलोकॅलरीच्या आसपास, ऊर्जा वाचली. एका हलक्या जेवणाइतकी ऊर्जा, रोज, मोठ्या आतड्याच्या मेहरबानीने. लंडनचे डॉक्टर त्यांच्या रुग्णांपुरते बरोबरच होते. पोटावर पिशवी असलेल्यांपुढे चोथा आंबवणारे कोणी नसतेच. तिथे इसबगोलाने पिशवीतला माल घट्ट दिसतो, पण शोषण वाढत नाही. अशांना मोजून मीठ-साखर घातलेले पाणी हेच खरे औषध.

यानंतर विल्मोर पुन्हा रंगमंचावर येतात. फिलाडेल्फियाच्या त्या मुलीला शिरेवाटे जगवणारे विल्मोर आता बोस्टनमध्ये होते आणि रुग्णांना शिरेच्या नळीपासून सोडवायच्या मागे लागले होते. 1995 मध्ये त्यांनी आणि थेरेसा बर्न यांनी वाढीचे संप्रेरक, ग्लुटामिन आणि पिष्टमय, तंतुयुक्त आहार अशी तिहेरी चिकित्सा 47 रुग्णांवर केल्याचे प्रसिद्ध केले. सुमारे 40 टक्के रुग्णांची नळी सुटली. गाजावाजा खूप झाला. मग मेयो क्लिनिक आणि कोपनहेगनमध्ये काटेकोर चाचण्या झाल्या, आणि संप्रेरक-ग्लुटामिनचा चमत्कार बराचसा विरला. माझा तर्क असा की बोस्टनच्या यशात मोठा वाटा त्या तिघांपैकी सर्वांत स्वस्त घटकाचा, म्हणजे ताटातल्या अन्नाचा आणि त्यावर नेटाने लक्ष ठेवण्याचा असावा. पण ताटाचे पेटंट घेता येत नाही. नळी सोडवणारे खरे औषध नंतर आले, आतड्यातूनच स्रवणाऱ्या जीएलपी-2 या संप्रेरकाच्या धर्तीवर बनवलेले टेडुग्लुटाइड, 2012 मध्ये. ते परिणामकारक आहे आणि भयंकर महाग आहे.

भारताचा धागा या गोष्टीत वेल्लोरहून येतो. ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या बी. एस. रामकृष्ण यांनी आणि सहकाऱ्यांनी शॉर्ट बॉवेलचा नव्हे तर पटकीचा प्रश्न हाती घेतला, पण तत्त्व तेच. लहान आतड्यात न पचणारे मक्याचे स्टार्च त्यांनी जलसंजीवनीत मिसळले. ते मोठ्या आतड्यात पोचले, जंतूंनी आंबवले, मेदाम्ले बनली, आणि मेदाम्लांसोबत मीठ-पाणी शरीरात परतले. जुलाब लवकर थांबले. 2000 मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये ते छापून आले. गोळी नाही, इंजेक्शन नाही, मक्याचे पीठ.

आणि पेक्टिन? उंदरांत एवढ्या तोऱ्याने मिरवलेल्या पेक्टिनची 2011 मध्ये अमेरिकेत मोठे आतडे शाबूत असलेल्या रुग्णांवर पद्धतशीर परीक्षा झाली. मेदाम्ले थोडी वाढली, पाण्याचे शोषण थोडे सुधारले, एवढेच. मोठ्या आतड्यातल्या जंतूंचे खरे खाद्य निघाले ते लहान आतड्यातून निसटलेले साधे स्टार्च: भात, बटाटा, पाव. आतडे आखूड झाल्यावर रोजच्या अन्नातला कितीतरी भाग आपोआपच चोथ्याच्या पंगतीला जाऊन बसतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

त्याआधीच, 1999 मध्ये, पॅरिसच्या बर्नार्ड मेसिंग यांच्या गटाने 124 रुग्णांचा अनेक वर्षांचा मागोवा घेऊन काही सीमारेषा आखल्या. लहान आतडे पोटावरच्या तोंडाशी संपत असेल तर नळीवाचून जगायला साधारण 100 सेंटीमीटर लागते. तेच मोठ्या आतड्याला जोडलेले असेल तर 65 पुरते. लहान आतड्याचे शेवटचे टोक आणि अख्खे मोठे आतडे दोन्ही वाचले असतील तर 30 सेंटीमीटरवरही निभावते. म्हणूनच आज पोटावर तोंड काढावे लागलेच, तरी प्रकृती सुधारताच ते मिटवून मोठे आतडे पुन्हा वापरात आणण्याची घाई केली जाते, आणि ऑपरेशनच्या नोंदीत किती काढले याआधी किती उरले, ते कशाला जोडले, हे सेंटीमीटरमध्ये लिहावे असा आग्रह धरला जातो. आहारतज्ज्ञ ताट ठरवायला बसतो तेव्हा तो आधी तेच पान उघडतो.